ओला टेबलक्लॉथ

सारंग,

तुमची कामं मी वाटून दिली. दफनविधी आटोपून आम्ही चर्चमधून परत आलो, स्वयंपाक बघणाऱ्या लताने चहा टाकला, आणि मी कागद पुढे ओढला. कुणी गेलं की काही जण रडतात, काही जण नुसते बसून राहतात. मी यादी करते. तुम्ही यावरून मला पुष्कळ बोलला आहात, त्यामुळे आज पुन्हा बोलायची गरज नाही.

सकाळचा पाण्याचा पंप इस्माईलचाचांकडे गेला. आयुष्य इंजिनरूममध्ये काढलेला माणूस आहे, पंपाशी त्यांचं जमेल. मांजराला मासळीची डोकी घालणं लताकडे, तसंही ती डोकी तीच कापत होती. व्हरांड्यातल्या बॅरोमीटरला टिचकी मारून आज हवा कशी राहील हे मोठ्याने जाहीर करायचं काम मी स्वतःकडे घेतलं. मला त्यातलं काही कळत नाही. पण तुमच्यानंतर ते आवाजात तेवढा अधिकार आणून करेल असं दुसरं कुणी दिसेना.

एक काम उरलं. जेवणाआधी टेबलक्लॉथ भिजवायचा. त्याच्यापुढे कुणाचंच नाव लिहिता येईना.

तुम्ही बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होतात, तुम्हाला हे सगळं पाठ आहे, पण हे स्मरणिकेत छापून आल्यावर जे वाचतील त्यांना कळलं पाहिजे म्हणून सांगते. भर समुद्रात बोट डोलायला लागली की ताटं घसरतात. म्हणून टेबलक्लॉथवर पाणी मारतात. ओल्या कापडावर ताट जागचं हलत नाही. ग्लासही त्याच कारणासाठी अर्धाच भरतात. वसईला पापडीतलं आपलं निवृत्त खलाशांचं घर केळीच्या वाडीत आहे, त्याचा पाया दगडी आहे, आणि ते आजवर कधी डोललेलं नाही. तरी तिथे रोज दोन वेळा टेबलक्लॉथ ओला होतो आणि ग्लास अर्धे भरले जातात.

मी इथे व्यवस्थापक म्हणून आले त्या पहिल्या दुपारी हे मला ठाऊक नव्हतं. मुंबईतल्या कंपनीत बरीच वर्षं स्टोअर सांभाळून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, माणिकपूरला फ्लॅट, मुलगी शिकायला पुण्याला. नीटनेटकं काम करून दाखवायचं एवढंच डोक्यात. मी सगळ्यांचे ग्लास काठोकाठ भरले. तुम्ही सगळे म्हातारे त्या ग्लासांकडे असे बघत बसलात, जणू मी त्यात काही कालवलं होतं. कुणी हात लावेना.

शेवटी तुम्ही म्हणालात, "मॅडम, हवा फिरली तर सांडंल सगलं."

"सारंग, आपण पापडीत आहोत."

"बोट पन कुठंतरीच असते ना?"

माझ्या नोकरीतल्या यादीत 'पाणी अर्धा ग्लास' हे तेव्हा लिहिलं गेलं. ती यादी तुमच्या नजरेला पडली आणि संध्याकाळपासून मी 'पर्सर' झाले. जहाजावर याद्या ठेवणारा, सामानसुमानाचा हिशोब बघणारा जो माणूस असतो तो. "पर्सर आला, साबन लपवा," असं तुम्ही मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणायचात. मी रागावल्यासारखं दाखवायचे. खरं तर घरी येऊन मी आरशासमोर तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला होता. बरा वाटला.

टेबलक्लॉथचं मात्र आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. वसईची हवा आधीच ओलसर, त्यात पावसाळा. कापड कधी वाळायचंच नाही. काळे ठिपके पडायचे, कुबट वास यायचा. मी बुरशीवर व्याख्यानं दिली. तुम्ही ऐकून घेतलंत आणि पाणी मारलंत. मग मी माणिकपूरहून प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ आणला, जांभळ्या द्राक्षांच्या चित्रांचा. तुम्ही द्राक्षांकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, म्हणालात "झकास." दुसऱ्या दिवशी इस्माईलचाचांचं कोपर लागलं आणि त्यांची थाळी आमटीसकट त्या द्राक्षांवरून घसरत थेट माझ्या मांडीवर आली. चाचा आजही शपथ घेतात की ते मुद्दाम नव्हतं. तुम्ही शांतपणे उठलात, एक पंचा भिजवलात आणि तसाच निथळत प्लॅस्टिकवर पसरलात. तेव्हापासून प्लॅस्टिक खाली आणि ओलं कापड वर. तुम्ही याला तडजोड म्हणायचात.

ट्रस्टने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि घराचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला या पाण्याचा उगम कळला. मी तुमच्यासमोर पेन घेऊन बसले. मी सुरुवात केली होती ती संस्थापकांपासून. मोठ्या प्रवासी बोटीवरचे मुख्य स्टुअर्ड, म्हणजे प्रवाशांच्या जेवणाखाणाचे प्रमुख, अविवाहित, निवृत्त होऊन आपल्या बापाच्या वाडीत परतले, त्यांनी उदार मनाने, वगैरे. तुम्ही मला तिथेच थांबवलंत.

"उदार मन नंतर लिवा. आधी रोझीमावशी लिवा."

रोझीमावशी म्हणजे त्या स्टुअर्डसाहेबांची बहीण. तिने कधी होडीतही पाय ठेवला नव्हता. एका नाताळला तिच्या भावाचे दोन जुने सोबती जेवायला आले. दोघांनाही परत जायला घर नव्हतं. बोटीवर आयुष्य गेलेल्या माणसाचं गावात काय उरतं, एखादा पुतण्या आणि एखादी लोखंडी पेटी. नाताळ संपला, जानेवारीतला तीन राजांचा सण आला आणि गेला, ते दोघे तिथेच. पण जेवताना त्यांच्या घशाखाली घास उतरेना. कोरड्या कापडावर ताटाचा आवाज वेगळा येतो, म्हणाले. मावशीने भावाला विचारलं, भावाने सांगितलं, आणि तिने हंड्यातून तांब्या बुडवून टेबलक्लॉथवर पाणी मारलं. ते दोघे जेवले. मग तिसरा आला. असं हे घर सुरू झालं. ट्रस्ट, पाटी, कायदेशीर कागद हे सगळं मागाहून आलं. मावशी जिवंत होती तोवर ती पाणी मारायची, तिच्यानंतर घरातला सगळ्यात जुना रहिवासी. तुमच्या आधी बोटीच्या भट्टीत कोळसा घालणारे एक म्हातारे आगवाले होते, त्यांच्यानंतर तुम्ही. तुमच्यानंतर नियमाने इस्माईलचाचा, पण त्यांनी मान हलवली.

मी हे सगळं लिहून घेतलं आणि मला वाटलं, आता तुम्ही सापडलात.

कारण तेव्हा आपला दुसरा वाद चालू होता. खरा वाद तोच. सुमनवहिनींचा.

वहिनींचे नवरे दत्तारामकाका तुमच्याच बोटीवर, तुमच्याच हाताखाली होते. शेवटची काही वर्षं ते आपल्या घरात होते, कारण चांदीपला वहिनींच्या भावाच्या घरात दोघांना जागा नव्हती. वहिनी तिकडे, काका इकडे. दर बुधवारी वहिनी एसटीने यायच्या, पिशवीत वालाच्या शेंगा नाहीतर भोपळा. काका गेले तरी त्यांचा बुधवार चुकला नाही. यायच्या, व्हरांड्यातल्या बाकावर बसायच्या, शेंगा सोलून द्यायच्या. आत जेवायला बोलावलं की म्हणायच्या, "नको. बापयांच्यात मी बाईमानूस काय बसू?" मग त्यांचा भाऊही गेला. भाच्यांनी घर विकायला काढलं आणि विरारला फ्लॅट घेतला. त्या फ्लॅटमध्ये आत्यासाठी काय आहे, हे त्यांनी आत्याला सांगितलं नाही. वहिनींनीही विचारलं नाही. एका बुधवारी शेंगा सोलता सोलता त्या मला म्हणाल्या, "मॅडम, इथं कोनी बाई राहिली तर चालंल का? मी काम करीन सगलं."

मी ट्रस्टकडे गेले. ट्रस्टने सांगितलं, रहिवाशांची हरकत नसेल तर आमची नाही. रहिवासी म्हणाले, सारंगला विचारा. आणि सारंग म्हणाले, "नाय."

मी कारणं विचारली. मी एकेक कारण खोडून काढायच्या तयारीने आले होते.

"बाईमानूस आलं की आमाला बनियनवर बसता येनार नाय."

"मी रोज येते. बसताच की."

"तू पर्सर. पर्सर बाईत धरत नाय."

"आणि रोझीमावशी? हे घरच तिने सुरू केलं, तुम्हीच सांगितलंत."

"ती मावशी. मावशी येगली."

लता स्वयंपाकघरात फिदीफिदी हसत होती. मी चिडले. म्हटलं, सारंग, एका बाईला डोक्यावर छप्पर नाही आणि तुम्ही बनियनच्या गोष्टी करता? मग तुम्ही जे बोललात ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण आता सांगते, कारण ते ऐकून माझा राग गेला होता.

"पर्सर, आमी जनमभर बायकांशिवाय राहिलो. सुट्टीवर आलो की घरात पावन्यासारखं. कपबशी कुठं ठेवतात ते पन मला म्हाईत नसायचं. आता हे शिकायचं वय नाय."

मी म्हटलं, "तुमच्या मिसेस असत्या तर त्यांना आणलं नसतंत इथे?"

"नसती आनली."

"का?"

"ती इथं राहिलीच नसती. तिनं मला घरी नेलं असतं."

तुमच्या बायकोबद्दल तुम्ही माझ्याशी बोललात ते एवढंच. ती गेली तेव्हा तुम्ही बोटीवर होतात, परत आलात तोवर सगळं आटोपलं होतं, हे मला इस्माईलचाचांनी सांगितलं. मी तुम्हाला त्याबद्दल विचारणार होते. एखाद्या निवांत दुपारी विचारू, असं म्हणत राहिले. निवांत दुपार मी कधी कुठल्या यादीत लिहिली नाही, म्हणून ती राहूनच गेली.

नंतरही मी मुद्दा सोडला नाही. शेवटी तुम्ही व्यावहारिक अडचण काढलीत, कारण तुम्हाला माहीत होतं की मला तेवढंच कळतं. "येगलं बाथरूम एकाच खोलीला हाय, माज्या. मी मेल्यावर बगा." आणि काठी आपटत निघून गेलात. मी तुमच्या पाठीला म्हणाले, "बघतेच!" मांजरसुद्धा दचकलं. आपल्या भांडणातलं हे शेवटचं मोठं भांडण, सारंग, आणि त्यातलं माझं शेवटचं वाक्य हे. मला त्याचं वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण तुम्ही व्हरांड्याच्या कोपऱ्यावर जाऊन हसलात, ते मी खिडकीतून पाहिलं होतं.

आता तुम्ही आजारी पडलात त्या बुधवाराचं.

आपल्या घरात नवा माणूस आला की त्याने कुठे बसायचं हे मी ठरवत नाही. खोली मी देते, ताट लता देते, पण टेबलावरची जागा सगळ्यात जुना रहिवासी देतो. बोलून नाही. रिकाम्या खुर्चीपुढे अर्धा ग्लास पाणी ठेवतो. ग्लास दिसला की नव्याने तिथे बसायचं. ग्लास दिसेपर्यंत बाकावर जेवायचं. एका गृहस्थांना तुम्ही आठवडाभर बाकावर बसवलं होतंत, कारण त्यांनी लताच्या भाताला नावं ठेवली होती.

दत्तारामकाका गेल्यापासून त्यांची खुर्ची रिकामी होती. त्या बुधवारी तुम्ही टेबलक्लॉथ भिजवलात, सगळ्यांचे ग्लास भरलेत आणि काकांच्या खुर्चीपुढेही एक अर्धा ग्लास ठेवलात. कुणीतरी हळूच म्हणालं, "भुलले सारंग." मलाही तेच वाटलं. हल्ली तुम्ही चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचात. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी काही न बोलता तो ग्लास उचलला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तोंड उघडलंत, आणि मिटलंत. बाहेर वहिनी एसटी चुकेल म्हणून निघाल्या होत्या. संध्याकाळी तुम्हाला ताप भरला. तो उतरलाच नाही.

एरवी चमचा इकडचा तिकडे झाला तरी भांडणारा माणूस नेमका त्या दिवशी गप्प का बसला? अंगात ताप होता म्हणून? की पर्सरला चारचौघांत चूक दाखवायची नाही म्हणून? मला यावर तुमच्याशी भांडायचं आहे आणि तुम्ही नाही.

तर दफनविधीहून आल्यावर मी यादी करत होते, आणि टेबलक्लॉथपाशी अडले होते. इस्माईलचाचा चहाचा कप हातात धरून बसले होते. न पिताच म्हणाले, "पर्सर, तो बुधवारचा ग्लास. कुठल्या बाजूला होता, आठवतो?"

मला आठवेना.

"उजव्या. दत्ताराम डावखुरा. त्याचा ग्लास कायम डावीकडे. आपल्या सारंगनं, पास्कूनं, इतकी वर्षं डावीकडेच ठेवला, कधी चुकला नाय. त्या दिवशी उजवीकडे." चाचांनी कप खाली ठेवला. "दत्तारामसाठी नव्हता तो."

"मग कुणासाठी?" हे मी विचारलं, तेव्हा लता दारात उभी राहून डोळे पुसत होती. ती म्हणाली, "मॅडम, त्या सकाळी सारंगांनी मला विचारलं होतं, सुमन आज किती वाजता येणार. मी म्हटलं, का हो? तर म्हणाले, तुला काय करायचंय, मासे बघ."

टेबलाभोवती जे होते त्यांनी त्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यांना विचारलं, कुणाची हरकत आहे का. चाचा म्हणाले, "सारंगचा ग्लास आहे. आपण कोण?"

तुमचं मत नक्की कधी बदललं, मला माहीत नाही. रोझीमावशीचं मी पुन्हा पुन्हा सांगितलं त्याने, की वहिनींच्या वालाच्या बिरड्याने, की तुम्हाला आतून काही कळलं होतं आणि खोली मोकळी व्हायची वेळ आली असं वाटलं होतं? तुम्ही कबूल केलं नसतंतच. "पर्सर फार बडबड करते, म्हनून हो म्हटलं," असं काहीतरी म्हणाला असतात. तरी तुम्ही हो म्हटलं होतंत. मी ते हो धरलंय. चूक असेल तर मी तिकडे आल्यावर बोलू.

काल बुधवार होता. वहिनींना मी आदल्या दिवशी फोन केला होता, पण त्या तुमच्या जाण्याच्या दुःखात होत्या, बाकीचं त्यांच्या कानात शिरलं की नाही कळलं नाही. आल्या, बाकावर बसल्या, पिशवीतून शेंगा काढल्या. मी म्हटलं, "वहिनी, आत चला. तुमची जागा मांडली आहे."

त्या दारातच थबकल्या. सगळे म्हातारे उभे होते, आणि सारंग, सगळ्यांनी शर्ट घातले होते. एकानेही बनियन नाही. चाचांनी तर वरचं बटणसुद्धा लावलं होतं, त्यांना गिळता येत नव्हतं. त्या खुर्चीपुढे अर्धा ग्लास होता, उजवीकडे, चाचांनी ठेवलेला. टेबलक्लॉथ तेवढा कोरडा होता. ते काम अजून कुणाचंच नव्हतं, आणि तुमच्यानंतर कापडाला पाणी लावायला कुणी धजावलंही नव्हतं. इतके दिवस सगळे कोरड्या कापडावर, ताटांचा खडखडाट ऐकत जेवले होते.

वहिनी बसल्या. लताने ताट ठेवलं, ते वाजलं. वहिनींनी ताट पुन्हा उचललं आणि खालच्या कापडावर हात फिरवला.

"हे कोरडंच?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

"आमचे हे सुट्टीवर आले की ताटाखाली ओला कपडा घालायचे. नाय घातला तर जेवायचे नाय. मला वाटायचं, चित्राहुती घालतात तसं काय तरी देवाचं असंल. मी पन मग घालायची. ते बोटीवर असले तरी त्यांच्या पाटापुढं घालायची." मग जरा लाजून म्हणाल्या, "इथं नसंल करत तर ऱ्हाव दे."

चाचांनी मान वळवून घेतली. मी, इतकी वर्षं या कापडावरून भांडलेली मी, उठले आणि पाण्याचा जग त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी जग घेतला नाही. म्हणाल्या, वरून ओतलं की पानी साचतं, मग कापड कुजतं. कापड काढून मोरीवर नेलं, भिजवलं, मुठीत धरून असं पिळलं की थेंब राहिला नाही, आणि झटकून पुन्हा पसरलं. जेवणं झाल्यावर लगेच काढलं आणि मागच्या पडवीत, चुलीच्या बाजूच्या दोरीवर वाळत टाकलं. संध्याकाळी मी हात लावून पाहिलं. कोरडं. वास नाही. सारंग, सगळा प्रश्न पिळण्याचा होता, आणि आपण दोघे भिजवायचं की नाही यावर भांडत होतो. तुम्ही हे ऐकून काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

ताटं ठेवली तेव्हा आवाज झाला नाही. सगळे जेवले. चाचांनी वरचं बटण काढलं.

वहिनी पुढच्या बुधवारी पिशवीऐवजी पेटी घेऊन येतील. तुमची खोली लताने झाडली आहे. खुंटीवरची तुमची टोपी मी काढली नव्हती, वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, राहू दे तिथंच, घर वाटतं.

आज सकाळी मी बॅरोमीटरला टिचकी मारली आणि जाहीर केलं की हवा चांगली राहील. कुणाचा विश्वास बसला नाही. मग मी आत येऊन यादी पूर्ण केली.

टेबलक्लॉथ: सुमनवहिनी.

तुमची,
पर्सर